हँडलवरची डहाळी

तक्रार इतक्या लवकर सुटेल असं आमच्या घरात कुणालाच वाटलं नव्हतं, आणि सगळा घोळ तिथेच झाला. आजही कुणी विचारलं, नेमकं काय झालं, तर मी सांगते की वायरमन वेळेवर आला. ऐकणाऱ्याला वाटतं, बाई थट्टा करतेय. मी थट्टा करत नाही. तो वेळेवर आला म्हणून माझा नवरा खांबावरून खाली फेकला गेला. उजव्या हाताची दोन बोटं गेली, जीव राहिला. जीव राहिला हे लोक मला समजूत घालण्यासाठी सांगतात. मला ते ऐकलं की पुन्हा नव्याने कापरं भरतं, कारण तो जाऊ शकत होता हेच त्यातून ऐकू येतं.

आम्ही नाशिकच्या दिंडोरी रोडच्या आतल्या अंगाला मळ्यात राहतो. वावरातच घर, वावरातच गोठा आणि शेजारी म्हणजे दोन वावरं टाकून पलीकडे. शहर आता इतकं जवळ सरकलंय की संध्याकाळी ओट्यावरून नव्या इमारतींचे दिवे दिसतात. पण आमची वीज शहराची नाही, शेतीची. सहा मळ्यांत मिळून एक डीपी. ट्रान्सफॉर्मर असा शब्द आमच्याकडे फक्त बाहेरचा माणूस वापरतो. डीपी रस्त्याच्या कडेला आणि आमची विहीर ओढ्याच्या काठाला. मध्ये मका उभा असला की इकडून तिकडचं काही दिसत नाही. आम्ही शेवंती, झेंडू आणि मेथी-कोथिंबीर करतो. तोडणीच्या बाया, पिकअप, फुलबाजार हे सगळं माझ्याकडे, पाणी, औषधं आणि मोटारी नवऱ्याकडे. सासऱ्यांना आम्ही सगळे दादा म्हणतो. त्यांच्याकडे आता कुठलंच काम नाही, म्हणून ते सगळ्यांच्याच कामात असतात.

डीपीच्या खांबाला हाताला पोचेल असं एक लोखंडी हँडल आहे. खाली ओढलं की सहाही मळ्यांची लाइन बंद, वर ढकललं की चालू. आता लाइनवर काम करणं हे खरं तर शेतकऱ्याचं काम नाही. पण फ्यूज उडाला, तार लोंबली, तारेवर फांदी पडली की आमच्याकडे वायरमनची वाट बघत कुणी बसत नसे. ज्याची अडचण तो हँडल खाली ओढायचा, बांधावरच्या कडुनिंबाची ताजी डहाळी तोडून हँडलला अडकवायचा आणि कामाला लागायचा. डहाळी दिसली की समजायचं, कुणाचा तरी माणूस लाइनवर आहे. मग कितीही खोळंबा होवो, हँडलला हात लावायचा नाही. काम झालं की ज्याने अडकवली त्यानेच ती काढायची. दुसऱ्या कुणी नाही.

हे कुठे लिहिलेलं नव्हतं आणि कुणी कधी शिकवल्याचंही मला आठवत नाही. मी लग्न होऊन आले त्या पावसाळ्यात सासूबाईंबरोबर रस्त्याने जाताना डहाळी पाहिली आणि मला वाटलं काही देवाधर्माचं असेल, म्हणून नमस्कार करायला गेले. त्या हसून हसून वाकल्या. एकदा शेजारच्या मळ्यात हळदीचा कार्यक्रम होता. ऐन रंगात आला असताना स्पीकर बंद पडला. नवऱ्या मुलाचा मामा तावातावाने डीपीपाशी आला. त्याने डहाळी पाहिली आणि तसाच परत गेला. वीज येईपर्यंत बायकांनी नुसत्या तोंडाने गाणी म्हटली. तो मामा अडाणी नव्हता, भोळाही नव्हता, चांगला भांडकुदळ होता. तरी डहाळीपुढे गप्प बसला.

जुना सरकारी वायरमन याच भागातला. त्याचं कौतुक करायला मला कुणी सांगू नये. चार वेळा फोन करायचा, पाचव्यांदा त्याच्या घरी जायचं, मग साहेब येणार. येताना त्याच्याकडे पक्कडसुद्धा नसायची, आमचीच घ्यायचा. जाताना मेथीच्या जुड्या, दसऱ्याला हार, गौरीला शेवंती, हे त्याने मागायचंही नाही आणि आम्ही विसरायचंही नाही. एका उन्हाळ्यात डीपी जळाली तेव्हा ती दुरुस्त होऊन यायला इतके दिवस लागले की उभी शेवंती डोळ्यांदेखत वाळली. डीपी खाली उतरवायला माणसं आमची, न्यायला ट्रॅक्टर आमचा आणि तरी कचेरीतल्या माणसाच्या चेहऱ्यावर उपकाराचा भाव. त्या दिवसांत मी जेवताना ताटावरून उठून जायची इतकी माझी चिडचिड व्हायची.

त्यामुळे आमच्या भागातली विजेची देखभाल खासगी कंपनीकडे जाणार अशी बातमी आली, तेव्हा घरात एकटी मीच खूश होते. माझं शिक्षण वाणिज्य शाखेचं, शिवाय बाजारात रोज चार आडत्यांशी भांडायची सवय. मी दादांना म्हटलं, “स्पर्धा आली की कामं होतात. तुम्ही घरच्या टेलिफोनसाठी किती वर्षं नंबर लावून बसला होता? आणि आज? तोडणीच्या बाईच्या कमरेलाही मोबाइल आहे. सरकारच्या हातातून सुटला म्हणूनच ना?”

दादा भाकरी चुरत म्हणाले, “फोन नाय लागला तं माणूस मरत नाय. लाइटीचं येगळं हाय.”

“वेगळं काही नाही. तुम्हाला फक्त तुमचा वायरमन हवाय.”

“हा, हवाय,” दादा म्हणाले. “त्याला मी कुठं बसतो ते म्हाईत हाय.”

हे काय उत्तर झालं, असं मला तेव्हा वाटलं होतं.

कंपनी आली आणि खरंच सांगते, पहिलं वर्ष मी दादांना टोमणे मारण्यातच काढलं. व्होल्टेज सुधारलं. दर उन्हाळ्याला आमची एक तरी मोटार जळायची, ती जळायची थांबली. डीपी पुन्हा बिघडली तर दुसऱ्याच दिवशी क्रेन घेऊन माणसं आली, जुनी उतरवली, नवी चढवली आणि पाणीसुद्धा आपल्या बाटल्यांतलं प्यायली. तक्रारीसाठी मोबाइलवर ॲप. कुणाच्या घरी जायला नको, कुणाला जुड्या द्यायला नकोत. फोनवरची मुलगी ‘आपली गैरसोय झाली त्याबद्दल दिलगीर आहोत’ म्हणायची. सरकारी कचेरीत आमच्याकडे कुणी दिलगीर असल्याचं मी जन्मात ऐकलं नव्हतं. दादा मात्र चिडवल्यावर फक्त हुं करायचे.

काही गोष्टी खटकत होत्या, नाही असं नाही. आधी दोघं यायचे, वायरमन आणि त्याचा मदतनीस. एक खांबावर चढायचा, दुसरा हँडलपाशी विडी ओढत बसायचा. आम्ही म्हणायचो, याला फुकटचा पगार. कंपनीचा एकच माणूस यायचा, मोटरसायकलवर, पाठीला पिशवी, हातात मोबाइल. त्याचा चेहरा ओळखीचा होईपर्यंत दुसराच यायचा. आणखी एक म्हणजे पावसाआधी तारांवर आलेल्या फांद्या तोडायला पूर्वी माणसं फिरायची, ती यायची बंद झाली. ओढ्याजवळची सुबाभूळ तारांना टेकायला आली म्हणून मी ऐन उन्हाळ्यात तक्रार केली. उत्तर आलं की फांद्यांचं कंत्राट वेगळं आहे, ते अजून निघालेलं नाही. मी नवऱ्याला म्हटलं, निघेल. आणि विसरले.

दसऱ्याच्या तोंडावर एका रात्री वादळी वारा सुटला. फुलशेतीवाल्याला दसऱ्याच्या आधीचा आठवडा म्हणजे काय ते दुसऱ्या कुणाला कळणार नाही. सकाळी उठून पाहतो तर सुबाभळीची तीच फांदी तारांवर आडवी पडलेली, दोन तारा एकमेकींत अडकलेल्या आणि विहिरीची मोटार बंद. मी चहा गाळता गाळता ॲप उघडलं. त्यात तक्रारीसाठी ठरलेले पर्याय असतात. ‘तारेवर फांदी पडली’ असा पर्याय नव्हता. मी ‘वीज नाही’ वर बोट ठेवलं आणि पाठवून दिलं.

“येतील,” मी म्हटलं.

“येत्याल संध्याकाळपोहतर,” नवरा म्हणाला. “रातच्या वाऱ्यात अशा शंभर तारा पडल्या असत्याल. शेवंतीला आत्ता पानी पायजे.”

त्यात चुकीचं काही नव्हतं. त्याच्या जागी मी असते तरी तेच म्हटलं असतं. दोघं मिळून डीपीवर गेलो. त्याने हँडल खाली ओढलं, फ्यूजची नवी तार घातली आणि बांधावरची डहाळी तोडून हँडलला अडकवली. चांगली हातभर, हिरवीगार. मग शिडी घेऊन आम्ही मक्यातून पलीकडे ओढ्याकाठी आलो. दादा काठी टेकत मागून आले आणि बांधावर बसून सूचना करायला लागले.

नवऱ्याने बांबूला कोयता बांधून आधी फांदी तोडून खाली पाडली. मग खांबाला शिडी लावून तो वर चढला. मी खालून शिडी धरली होती. त्याने एक तार दुसरीतून सोडवली, हाताने लांब केली आणि खाली बघून म्हणाला, “झालंच. पक्कड दे.” मी पक्कड वर करायला हात उचलला आणि विहिरीवरची मोटार सुरू झाली.

आमची मोटार आपोआप सुरू होते. वीज आली की ती चालू, कुणाला बटण दाबावं लागत नाही. तो आवाज मी रोज ऐकते. तो ऐकू येणं म्हणजे काय हे मला कळलं, पण डोकं ते मानायला तयार होईना. लाइन बंद आहे, डहाळी लावली आहे, मग मोटार कशी चालेल? माझ्या मनात भीतीच्याही आधी हा असला मूर्ख प्रश्न आला. तेवढ्यात वरून एक आवाज आला. तो माणसाच्या गळ्यातून येईल असं मला वाटलं नव्हतं. शिडी माझ्या हातांतून निसटली आणि नवरा माझ्या डोक्यावरून मागे शेवंतीच्या वाफ्यात जाऊन पडला.

मी ओरडले की नाही ते आठवत नाही. वाफ्यात चिखल होता म्हणून पाठ वाचली, असं डॉक्टर नंतर म्हणाले. त्याचा उजवा तळवा काळा पडला होता. डोळे उघडे होते आणि तो माझ्याकडे बघत होता, पण बघत नव्हता. मी त्याच्या गालांवर चापट्या मारत सुटले. मागे ठिबकच्या नळ्यांतून थेंब थेंब पाणी सुरू झालं होतं, आम्ही सकाळपासून ज्याच्यासाठी धडपडत होतो ते पाणी. दादा उठले. ज्यांना ओट्यावरून अंगणात यायला काठी लागते ते दादा काठी टाकून मक्यात शिरले. थोड्या वेळाने मोटार बंद पडली. म्हणजे त्यांनी हँडल ओढलं असणार.

परत आले तेव्हा त्यांचा चेहरा पांढराफटक होता. “डहाळी खाली पडलेली हाय,” ते म्हणाले. “कोनी काढली?”

सहा मळ्यांतला एकही माणूस डहाळी काढणार नाही. हे मला जसं माहीत तसं दादांना माहीत. मग उरलं काय? जो मुद्दाम काढेल तो. आमच्या दोघांच्याही मनात एकच माणूस आला. माझा चुलत दीर, त्याच्याशी बांधावरून आमचा जुना वाद आहे, बोलणंचालणं बंद. दादांनी त्याचं नाव घेतलं नाही आणि मीही नाही. आणि नेमका तोच आरडाओरडा ऐकून पळत आला. त्यानेच नवऱ्याला खांद्यावर घेतलं, त्याच्याच पिकअपमधल्या झेंडूच्या जाळ्या भराभर खाली फेकल्या आणि मागे गोधडी अंथरून आम्हाला बसवलं.

नाशिकच्या हॉस्पिटलपर्यंत मी नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते आणि पुढे गाडी चालवणाऱ्या माणसाच्या मानेकडे बघत होते. हा हॉर्न वाजवतोय, सिग्नल तोडतोय, सारखा मागे वळून ‘वहिनी, श्वास हाय ना?’ विचारतोय, आणि यानेच केलं असेल तर? इतकं विषारी मी आयुष्यात कधी कुणाबद्दल मनात आणलं नसेल.

नवऱ्याला आत नेलं. मला कुणाला तरी फोन करायचा होता, कुणाला ते सुचत नव्हतं. मोबाइल काढला तर त्यावर संदेश येऊन पडलेला. ‘आपली तक्रार यशस्वीरीत्या सोडवण्यात आली आहे. आमच्या सेवेबद्दल आपण समाधानी आहात का?’ खाली पुरावा म्हणून फोटो जोडला होता. आमची डीपी. हँडल वर केलेलं. आणि खांबाच्या बुडाशी, चिखलात, आमची हिरवी डहाळी.

चुलत दिराने माझ्या हातातून मोबाइल घेतला. त्यानेही पाहिला आणि भिंतीला टेकून खालीच बसला. “आरं देवा,” एवढंच तो म्हणाला. मी त्याच्या शेजारी बसले आणि मोठ्याने रडले. नवऱ्यासाठी रडत होते, आणि या माणसाबद्दल वाटेत मी जे जे मनात आणलं त्याचीही लाज वाटत होती. त्याला ते कधी सांगितलं नाही. आमच्या जागी तो असता तर त्याच्या मनात आमच्याबद्दल काय आलं असतं, ते मी विचारलंही नाही.

पुढचे दिवस एकेक नवा धक्का घेऊन आले. वीज मंडळ म्हणालं, देखभाल कंपनीकडे आहे. कंपनी म्हणाली, माणसं कंत्राटदाराची आहेत. कंत्राटदार म्हणाला, तुमचा माणूस परवानगीशिवाय खांबावर चढलाच का? हा शेवटचा प्रश्न खरा होता आणि म्हणूनच माझ्या डोक्यात तिडीक गेली. पण प्रत्येक जण नियमाने बरोबर होता आणि माझ्या नवऱ्याची दोन बोटं कापावी लागली होती. कंपनीचे एक साहेब भेटायला आले. स्वच्छ शर्ट, गोड बोलणं. म्हणाले, “त्या माणसाचा निष्काळजीपणा झाला असं तुम्ही लिहून दिलंत तर आम्ही त्याला लगेच काढून टाकतो.”

“तो एकटाच का आला होता?” मी विचारलं.

“एका तक्रारीला एकच माणूस. ते कंपनीचं धोरण आहे, मॅडम.”

“मग धोरणाला काढून टाका,” मी म्हटलं. ते हसले. मी विनोद केला असं त्यांना वाटलं. मी काही लिहून दिलं नाही.

तो माणूस नंतर स्वतःच आला. हेल्मेट हातात धरून वॉर्डाच्या दारात उभा. वय असेल तिशीचं, वर पेठ तालुक्याच्या डोंगरातला. मला कळायला क्षणभर वेळ लागला की हा तोच, आणि कळल्यावर मी अशी उठले की नर्स मध्ये आली.

“तुला डहाळी दिसली नाही?” मी विचारलं. “आंधळा आहेस?”

“दिसली ना, बाई. राती वारा झाला. मी पहाटपासून डीप्याच फिरत होतो. सगळ्या डीप्यांवर पाला. सगळ्यांचाच काढीत आलो, तसा इथलाही काढला. हँडल खाली दिसलं, तक्रार वीज नाही अशी. मला वाटलं, वाऱ्यानं पडलं का कोणी पाडलं.”

“फोन करता येत नव्हता?”

“आम्हाला नंबर दिसत नाही, बाई. ठिकाण दिसतं अन् टाइम दिसतो. टाइम संपून लाल झाला तं पगारातून पैसं कापतात.”

तेव्हा नवरा पलंगावरून, डोळे मिटलेले तसेच ठेवून म्हणाला, “तुमच्याकडं काय लावत्यात?”

“काय?”

“मानूस वर असला म्हंजी. तुमच्या गावात.”

तो दारातून दोन पावलं आत आला. “आमच्याकडं चप्पल टांगतात. डहाळी वाऱ्यानंही येऊन पडंल. चप्पल आपोआप येत नाही.” मग म्हणाला, “चप्पल असती तं मी हात लावला नसता, भाऊ. देवाशप्पथ.”

“कोनाची टांगत्यात?”

“चढणाऱ्याचे पायात तं पाहिजे. म्हणून घरच्या बाईची टांगतात.”

पेठ काही परदेशात नाही. आमच्या फुलबाजारात तिकडची माणसं रोज येतात. त्यांची एक खूण, आमची एक खूण, दोन्हीही तितक्याच पाळलेल्या. आणि या दोन खुणांच्या मधल्या अंतरात माझा नवरा खांबावर उभा होता, हे आम्हाला सांगणारं या जगात कुणीच नव्हतं. जुना वायरमन आळशी होता, लोचट होता. मेथीच्या जुड्या घेतल्याशिवाय हलायचा नाही. पण त्याने ही डहाळी कधी पाल्यात धरली नसती. आणि हा, जो धावत आला, ज्याने काही मागितलं नाही, ज्याने काम चोख केलं, त्याने ती केरात टाकली. आता यात चांगलं कोण आणि वाईट कोण ते तुम्हीच ठरवा. मी सोडून दिलं आहे.

नवरा घरी आला. डाव्या हाताने लिहायला शिकला, भाकरी मोडायला शिकला. खांबावर चढणं संपलं, आणि ते बरंच झालं, हे मी उघड म्हणते. आता आम्ही तक्रार करतो आणि थांबतो. फार थांबावं लागत नाही, तेही उघड म्हणते. दादांना मी टोमणे मारायचं सोडलं आणि त्यांनीही एकदासुद्धा ‘मी म्हटलं नव्हतं का’ असं म्हटलं नाही. म्हणाले असते तर मला बरं वाटलं असतं.

यंदा गणपतीनंतर पुन्हा वारा झाला आणि पुन्हा ओढ्याजवळचीच तार लोंबली. मी ॲपवर ‘वीज नाही’ दाबलं. चहा पिऊन होतोय तोवर मोटरसायकल आली. तोच होता, पेठचा. एकटाच. मी डीपीपाशी जाऊन तार कुठे लोंबलीय ते सांगितलं. त्याने हँडल खाली ओढलं, मक्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घालून म्हणाला, “बाई, जरा इथं थांबाल का?”

“मी कशाला?”

“दुसरे गाडीवरचा माणूस फिरतोय. आमचाच. नवा हाये, मराठवाड्यातला. त्याच्या मोबाइलवरही ही डीपी दिसत असंल.”

माझ्या नवऱ्याची बोटं ज्याच्यामुळे गेली तो माणूस मला हँडल राखायला सांगत होता. माझ्या ओठांवर नकार आला होता. तिकडे नवरा ओट्यावर डाव्या हाताने चहाचा कप धरून बसलेला दिसत होता. याच्याही घरी कुणीतरी असेल, आणि मराठवाड्यात काय टांगतात ते आम्हाला दोघांनाही माहीत नव्हतं.

मी बांधावरची डहाळी तोडून हँडलला अडकवली. मग पायातली एक चप्पल काढली आणि तीही अडकवली. थोडा विचार करून दुसरीही. तो आमची शिडी खांद्यावर घेऊन मक्यात शिरला. ओल्या मातीत मी अनवाणी उभी राहिले. मक्यापलीकडे शिडी खांबाला लागल्याचा आवाज आला, मग काहीच नाही.

आणि कमरेचा मोबाइल थरथरला. ‘आपली तक्रार यशस्वीरीत्या सोडवण्यात आली आहे.’

हँडल खालीच होतं. डहाळी होती, दोन्ही चपला होत्या. टाइम लाल होऊ नये म्हणून त्याने चढायच्या आधीच बटण दाबलं असणार, हे मला नंतर सुचलं. त्या वेळी मी फक्त ते हँडल दोन्ही हातांनी गच्च धरलं आणि जीव खाऊन ओरडले, “उतरलास का रे?”

“नाही बाई,” मक्याच्या पलीकडून आवाज आला. “वरच आहे.”

रस्त्यावर कुठेतरी मोटरसायकल वाजली. मी हँडल सोडलं नाही.